उत्तरेच्या थंड समुद्रात कयाकिंग : पुण्यातून तयारी कोणत्या क्रमाने करावी

उन्हाळ्यात नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कयाकिंग (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून फिरणं) करायचं ठरलं की आपल्याकडे पहिलं काम होतं ते विमानाचं तिकीट काढण्याचं. मग नकाशावर बेटं जोडत जाणारी रेघ, मग व्हिसा. सरावाची आठवण शेवटच्या महिन्यात येते, आणि तोवर पुण्यात पावसाळा लागलेला असतो. हा क्रम उलटा आहे आणि धोक्याचा आहे. पानशेत-पवनेच्या कोमट पाण्यात ज्या चुका पचून जातात, त्याच चुका दहा अंशांच्या पाण्यात जिवावर बेततात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. जुलैमध्ये जायचं असेल, तर सुरुवात आदल्या ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरून धरणं भरलेली असताना करा.

## टप्पा १ : आधी पाण्याचं तापमान, मग बाकी सगळं

लोफोटेन ६८ अंश उत्तरेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या समुद्राचं तापमान साधारण १० ते १३ अंश सेल्सियस असतं, जूनच्या सुरुवातीला त्याहूनही कमी. हवा मात्र एखाद्या स्वच्छ दुपारी विशीच्या आसपास जाते आणि माणूस टी-शर्टवर कयाकमध्ये बसतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कपडे ठरवताना हवेकडे बघायचंच नाही; आत्ता पाण्यात पडलो तर काय होईल, एवढंच बघायचं.

काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी आहे. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यातल्या शरीरावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे. त्यांचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे : १-१०-१. पहिलं मिनिट श्वासाचं. थंड पाण्याच्या धक्क्याने धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत ओढलं जातं. पुढची दहा मिनिटं हातांची. तेवढाच वेळ बोटं कामाची राहतात, नंतर साधी दोरी धरता येत नाही. आणि शरीर आतून गार होऊन शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. थंडीने गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस धाप लागून किंवा हात निकामी होऊन बुडतो. अंगातल्या लाइफजॅकेटला पर्याय नाही तो यामुळे. कयाकच्या मागे बांधलेलं जॅकेट पहिल्या मिनिटात काही उपयोगाचं नाही.

इशारा : उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेतच आखू नका. थंड पाण्याचा धक्का हृदयावर थेट ताण आणतो.

## टप्पा २ : बंद कयाकमधून पाण्याखाली बाहेर येणं

पुण्याजवळच्या धरणांवर तासावर मिळणाऱ्या कयाक बहुधा वरून बसायच्या असतात. त्या उलटल्या की आपण आपोआप बाजूला पडतो. समुद्रातली कयाक वेगळी : लांब, अरुंद, पाय आत जाणारी, बसायच्या खोबणीत (कॉकपिट) पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती ताणून बसवलेला कापडी पडदा (स्प्रे-स्कर्ट). ती उलटली की आपण डोकं खाली, पाय आत अशा अवस्थेत लटकतो. वरून बसायच्या कयाकवर कितीही तास घातलेले असोत, या कामात ते उपयोगी पडत नाहीत. इथे शून्यापासून सुरुवात करायची.

जागा म्हणून जलतरण तलाव सर्वांत चांगला. तलावाच्या व्यवस्थापनाशी बोलून गर्दी नसलेली वेळ मागा. कयाक स्वच्छ धुऊन आणली तर परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. तलाव नाहीच मिळाला तर छातीएवढं पाणी असलेला, गाळ आणि काटेरी झुडपं नसलेला धरणाचा काठ चालेल. खडकवासल्यात मात्र कुठेही उतरू नका. तिथे काठाजवळच अचानक खोली वाढते आणि दरवर्षी माणसं बुडतात.

कृती अशी. उलटल्यावर पुढे वाका, नाक कयाकच्या डेककडे (वरच्या पृष्ठभागाकडे) आणा. दोन्ही हात कॉकपिटच्या कडेवरून पुढे सरकवत स्प्रे-स्कर्टचा पट्टा शोधा. पट्टा आधी पुढे, मग वर ओढा. नुसता वर ओढला तर तो कडेत अडकतो. हात कमरेजवळ टेकवून पँट उतरवावी तसं स्वतःला बाहेर ढकला. बाहेर आल्यावर एक हात कयाकवर, दुसरा वल्ह्यावर. यातलं काहीही सोडायचं नाही, कारण वाऱ्यात रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मागे रेलणं. मागे रेललं की मांड्या कॉकपिटच्या कडेखाली अडकतात आणि घबराट सुरू होते.

तपासणी : डोळे मिटून, हातात जाड नियोप्रिनचे (फोमसारख्या रबराचे) मोजे घालून, घाई न करता बाहेर येता आलं पाहिजे. मोजे घातल्यावर पट्टा सापडत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. पट्ट्याला जाड दोरीची गाठ किंवा प्लॅस्टिकचा गोळा लावून घ्या, फरक पडतो.

## टप्पा ३ : पुन्हा आत बसणं, तेही घड्याळ लावून

बाहेर येता आलं, आता परत आत. यासाठी दोन पद्धती पक्क्या करा.

पहिली जोडीदाराच्या मदतीची टी-रेस्क्यू. मदत करणारा उलटलेल्या कयाकच्या टोकाशी काटकोनात येतो, ते टोक आपल्या डेकवर ओढून घेतो, आतलं पाणी ओघळू देतो, कयाक सुलटी करतो आणि दोन्ही कयाक समांतर, पण टोकं विरुद्ध दिशांना, अशा धरून ठेवतो. पाण्यातला माणूस मागच्या डेकवर पोटावर चढतो, तोंड कयाकच्या मागच्या टोकाकडे ठेवून पाय आत सरकवतो आणि मग वळून बसतो. तो पूर्ण बसून, स्कर्ट लावून, पाणी उपसून होईपर्यंत मदत करणाऱ्याने कयाक सोडायची नाही. बसला की झालं असं समजून सोडून देणारे खूप असतात. अर्धी भरलेली कयाक दुसऱ्या लाटेला पुन्हा उलटते, आणि या वेळी हात थंड झालेले असतात.

दुसरी एकट्याची, पॅडल फ्लोट वापरून. वल्ह्याच्या पात्यावर हवेची पिशवी फुगवून चढवायची, वल्हं कयाकला आडवं लावून त्याचा आधार घ्यायचा आणि चढायचं. ही पद्धत सावकाश चालते. तिच्या भरवशावर एकट्याने थंड समुद्रात जाऊ नये. तरी ती यायला हवी, कारण जोडीदारही उलटू शकतो.

आता घड्याळ. धरणात आपण हसत-खेळत, गप्पा मारत दहा मिनिटांत आत बसतो आणि रेस्क्यू येते असं समजतो. दहा मिनिटं म्हणजे तिथे हातांचा सगळा वेळ संपला. उलटल्यापासून आत बसेपर्यंतचा वेळ मोजा. जोडीदाराबरोबर तीन मिनिटांच्या आत, दर वेळी, हे लक्ष्य ठेवा. एकदा जमलं म्हणजे येतं असं नाही. दमलेलं असताना, सरावाच्या दिवसाच्या शेवटी जमलं पाहिजे. पानशेतसारख्या मोठ्या जलाशयांत दुपारनंतर वारा उठून पाण्यावर आखूड, खळबळत्या लाटा (चॉप) तयार होतात. सराव मुद्दाम त्या वेळी ठेवा. सकाळच्या काचेसारख्या पाण्यावर केलेली रेस्क्यू ही फक्त उजळणी.

एकमेकांची वजनं, ताकद, सवयी कळायला वेळ लागतो, म्हणून ज्यांच्याबरोबर जाणार त्यांच्याबरोबरच सराव करा. गटात एक जण जरी या टप्प्यात कच्चा असेल तर अख्ख्या गटाचा मार्ग सोपा करायचा. त्याला तसं तोंडावर सांगणं अवघड जातं, पण पुण्यातच सांगा.

## टप्पा ४ : बर्फाच्या बादलीतला सराव

पुण्यात कितीही गारठा पडो, धरणाचं पाणी लोफोटेनच्या जुलैइतकं थंड होत नाही. पण हातांचं काय होतं ते घरच्या घरी कळू शकतं. बादलीत पाणी आणि बर्फ घाला, थर्मामीटर लावा, दहा अंशांवर आलं की दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाच मिनिटं बुडवा. बाहेर काढून लगेच ही कामं करा : लाइफजॅकेटचं बकल लावणं, शिट्टी शोधून वाजवणं, टो-लाइनचा (दुसरी कयाक ओढायच्या दोरीचा) हूक अडकवणं, हॅचचं (कयाकमधल्या सामानाच्या कप्प्याचं) झाकण उघडणं, पाऊचमधल्या मोबाइलवर नंबर लावणं.

शेवटचं काम बहुतेकांना जमत नाही. ओल्या, बधिर बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. हे पुण्याच्या बाल्कनीत कळलेलं बरं. जे जमलं नाही ते सामान बदला : मोठी बकलं घ्या, झिपांना लांब दोऱ्या लावा, मोबाइलवर अवलंबून राहू नका.

पूर्ण अंग बुडवायचा सराव करायचा असेल तर तो थोडक्यात आणि कायम कुणीतरी शेजारी उभं असताना करा. काही छोट्या बुड्यांनंतर पहिल्या मिनिटाची धाप कमी होते. त्या मिनिटात एकच काम करायचं : कयाक धरून, तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास सावकाश बाहेर सोडायचा. चढण्याची धडपड त्यानंतर.

## टप्पा ५ : कोकणात, खाऱ्या पाण्यावर

धरणात भरती-ओहोटी नसते, लाटांचा लांब हेलकावा नसतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोकणात जा. खाडीच्या तोंडापासून सुरुवात करा, स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय उतरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, या दोन्ही वेळी एकाच जागी जाऊन पाण्याच्या ओढीतला फरक स्वतः अनुभवा. मे महिना सरत आला की समुद्रावरचा सराव बंद. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद होते, तिथे कयाकचा प्रश्नच येत नाही.

भरतीचा अंदाज घेण्यासाठी बाराव्या हिश्शाचा नियम शिकून घ्या. भरती-ओहोटीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात १ हिस्सा, मग २, मग ३, ३, २, १. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी हलतं. अरुंद जागेतून जायचं असेल तर ती वेळ टाळायची. हा नियम लोफोटेनमध्ये रोज लागेल.

तपासणी : किनाऱ्यावर फुटणाऱ्या छोट्या लाटांतून बाहेर जाता-येता येतं का? बाजूने वारा असताना ठरवलेल्या खुणेकडे सरळ जाता येतं का? सलग तीन तास वल्ही मारल्यावर रेस्क्यू जमते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की तिकीट काढा.

## टप्पा ६ : कागद आणि सामान

नॉर्वेला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच उरका. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, पण नुसता आकडा बघून थांबू नका. बऱ्याच साध्या प्रवासी विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. 'समुद्रातलं कयाकिंग' आणि 'शोध व बचाव खर्च' हे शब्द पॉलिसीत शोधा. नसतील तर लेखी विचारा.

विमानात न चालणाऱ्या वस्तू : गॅसचे डबे, संकटकाळी उडवायचे फ्लेअर. दोन्ही तिथे घ्या. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र इथून अजिबात नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय अशी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर ती सापडल्याने परदेशी पर्यटकांवरही कारवाई झालेली आहे. तिथे पोहोचल्यावर भाड्याने घ्या आणि परत करून या.

खाण्याचं सामान नेताना एक अडचण आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. तेव्हा तूप, खवा, पनीर, दूध पावडर घरीच राहू द्या. भाजणी, मेतकूट, पोहे, दाण्याची चिक्की, सुकवलेली भाजी, डाळ-तांदूळ यांवर उत्तम निभावतं. थंडीत आणि श्रमात भूक दुप्पट लागते. चिक्की, खजूर लाइफजॅकेटच्या खिशात ठेवा, हॅचमध्ये नको. पाण्यावर असताना हॅच उघडता येत नाही.

## टप्पा ७ : ड्रायसूट

कयाक आणि ड्रायसूट तिथे भाड्याने मिळतात. आधीच बुक करा आणि सूट सर्वांना मिळणार याची लेखी खात्री करून घ्या. वेटसूटवर (ज्यात पाणी आत शिरतं अशा रबरी सूटवर) भागेल असं कुणी म्हणालं तरी पहिल्या सहलीला ड्रायसूटच घ्या.

ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही, पण तो स्वतः ऊब देत नाही. ऊब आतल्या कपड्यांची : लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, पायात लोकरी मोजे. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. सुती कापड घामानेच ओलं होतं आणि ओलंच राहतं.

गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सच्या (पातळ रबराच्या) पट्ट्या असतात. त्या ओढून बघा. चिकट झालेल्या किंवा बारीक चिरा पडलेल्या असतील तर सूट बदलून मागा, संकोच करू नका. घालण्याआधी नखं कापलेली, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं सगळं काढलेलं हवं. मंगळसूत्रसुद्धा, कारण पट्टी फाटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. तेलकट क्रीम आणि डास पळवणारी औषधं लॅटेक्स खराब करतात. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नियोप्रिनच्या पट्ट्यांचा सूट मागा. लघवीसाठी झिप असलेला सूटच घ्या, स्त्रियांनी तर आग्रहाने. तो नसेल तर माणूस पाणी पिणं टाळतो, आणि कमी पाणी प्यालेल्या शरीराला थंडी लवकर गाठते.

सूट चढवून झिप पूर्ण लावल्यावर उकिडवे बसा, गळ्याची पट्टी बोटाने जरा उघडा आणि आतली हवा दाबून बाहेर काढा. हवा राहिली तर पाण्यात पाय वर येतात आणि हालचाल अडते.

तपासणी : निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा, मग खांद्यांपर्यंत बसा, दोन मिनिटं थांबा. कुठे गारवा शिरतोय? अर्धवट लावलेली झिप इथेच पकडली जाते. आणि तिथल्या पाण्यात, तिथल्याच कयाकवर, किनाऱ्याजवळ प्रत्येकाची एक रेस्क्यू. ही न करता कुणीही पुढे जायचं नाही.

## टप्पा ८ : मार्ग आणि रोजचा निर्णय

पहिल्या सहलीला स्थानिक मार्गदर्शक घ्या किंवा तिथेच प्रशिक्षण घेऊन मग फिरा. नॉर्वेच्या पॅडलिंग महासंघाची 'वोटकोर्ट' नावाची प्रशिक्षणपद्धत आहे. तिचा समुद्रासाठीचा मूळ अभ्यासक्रम १६ तासांचा असतो, आणि कयाक भाड्याने देणारे अनेक जण तो केल्याचा दाखला मागतात.

जागा निवडताना स्वोल्वेर, काबेलवोग, हेनिंग्सवेर यांच्यालगतची छोटी बेटं बघा. तिथे आडोसे भरपूर आहेत आणि दर थोड्या अंतरावर उतरता येतं. बेटांची वायव्येकडची बाजू थेट नॉर्वेजियन समुद्राला उघडी आहे, तिचा नाद पहिल्या वेळी सोडा. दक्षिणेकडे वेस्टफियॉर्ड आहे. नैऋत्येचा वारा सुटला की तोही खवळतो. बेटांमधल्या नाप्स्ट्राउमेन, गिम्सोयस्ट्राउमेन या सामुद्रधुन्यांत भरतीचे प्रवाह जोरदार असतात. लोफोटेनच्या टोकाजवळचं मोस्कस्ट्राउमेन आणि बोडो शहराजवळचं साल्टस्ट्राउमेन तर भोवऱ्यांसाठीच ओळखले जातात, तिथे नवख्यांचं काम नाही. उत्तर ध्रुवाकडचा नॉर्वेचा द्वीपसमूह स्वालबार्डही नंतरच्या वर्षांसाठी ठेवा : पाणी गोठणबिंदूच्या जवळ, त्यात हिमनद्या आणि ध्रुवीय अस्वलं.

रोज सकाळी तीन गोष्टी कागदावर उतरवा. नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या 'यर' सेवेवरून वारा. तो मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो, नॉट (समुद्रावरचं वेगाचं एकक) हवे असतील तर ढोबळमानाने दुप्पट करा. नकाशा विभागाच्या सेवेवरून भरती-ओहोटीच्या वेळा. आणि वारा व प्रवाह समोरासमोर कधी येणार ती वेळ, कारण तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात. माझी मर्यादा नवख्या गटासाठी ठाम आहे : ५-६ मीटर प्रति सेकंदापर्यंत आडोशाने जायचं, ८ च्या वर अंदाज असेल तर तंबूतच. वेगाबरोबर दिशाही बघा. किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. काठाशी पाणी शांत दिसतं आणि दोनशे मीटर आत गेल्यावर परत येता येत नाही.

अंतर दिवसाला १२ ते १५ किलोमीटर पुरे. लोफोटेनमध्ये मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणून 'अजून उजेड आहे' असं म्हणत माणसं रात्री अकरापर्यंत वल्ही मारत राहतात. उजेड संपत नाही, खांदे संपतात. घड्याळ लावा, संध्याकाळी पाचच्या आत किनारा.

## टप्पा ९ : उतरणं आणि मुक्काम

नॉर्वेत मोकळ्या निसर्गात कुणालाही तंबू ठोकता येतो. १९५७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे, मात्र राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला बंदी असते. पक्ष्यांच्या अनेक राखीव बेटांवर विणीच्या काळात उतरताही येत नाही, नकाशा बघून ठेवा.

तिथे पाणी अडीच-तीन मीटरपर्यंत चढतं-उतरतं. कयाक शेवाळाच्या वाळक्या रेघेच्या वर न्या आणि तरीही खडकाला बांधा.

पुण्यातल्या घरच्यांना रोज संदेश पाठवा, पण 'आम्ही पोहोचलो नाही' हे ओळखून मदत मागणारा माणूस तिथला हवा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा घरचे झोपलेले असतात. शिवाय तिथले तीन आकडी क्रमांक पुण्यातून लागत नाहीत.

## टप्पा १० : कुणी पाण्यात पडलंच तर

क्रम असा : आधी रेस्क्यू, मग किनारा, मग फोन. रेस्क्यू दोन प्रयत्नांत जमली नाही तर तिसऱ्याची वाट न बघता मदत मागा. समुद्रावरच्या संकटासाठी नॉर्वेत १२० हा क्रमांक आहे, वैद्यकीय मदतीसाठी ११३; व्हीएचएफ (समुद्रावर वापरायचा रेडिओ) असेल तर चॅनेल १६. उत्तर नॉर्वेचं बचाव समन्वय केंद्र बोडोत आहे. आपली जागा अक्षांश-रेखांशांत सांगता आली पाहिजे, त्यामुळे प्रत्येकाला ते यंत्रावर कुठे दिसतात हे माहीत हवं.

किनाऱ्यावर आणलेला माणूस कुडकुडत असेल, नीट बोलत असेल, तर वाऱ्याआड न्या, ओले कपडे बदला, टोपी, कोरडे थर, गोड गरम पेय द्या. कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, झोप येऊ लागली, तर प्रकरण गंभीर आहे. त्याला आडवं ठेवा, चालवू नका, हातपाय चोळू नका. चोळल्याने गार रक्त छातीकडे येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तोंडाने काही देऊ नका, दारू तर नाहीच. बाहेर काढल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही काळ उतरतच राहतं, म्हणून 'आता बरा दिसतोय' यावर विसंबून त्याला एकटं सोडू नका. साधं कुडकुडणं असलं तरी त्या दिवशी पुन्हा पाण्यावर जायचं नाही. तंबू तिथेच लावा आणि भाड्याने कयाक देणाऱ्याला कळवा की आज मुक्काम बदलला आहे.